न दिसणारी कसर

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा म्हणजे आपल्या घरांतील उत्खननाचा काळ. माळ्यावरची ट्रंक खाली येते, गठ्ठ्यांच्या सुतळ्या सुटतात आणि घरातली वडीलधारी बाई एखादे पुस्तक उजेडात धरून म्हणते, "कसर लागली!" या दोन शब्दांत रोगाचे निदान होते, उपचार ठरतो, आणि गेल्या वर्षी डांबराच्या गोळ्या ठेवायला कोण विसरले याचाही निकाल लागतो. पुस्तक उन्हात पडते, पानांत वेखंडाचा तुकडा जातो, आणि निम्मे खाल्ले गेले तरी उरलेले निम्मे कोणते हे तरी कळते. कसरीचा प्रामाणिकपणा असा की ती खाल्ल्याची खूण मागे ठेवते. भोक दिसते, भुगा सांडतो, वास येतो.

आज ज्या कसरीविषयी लिहायचे आहे तिच्या अंगी एवढाही प्रामाणिकपणा नाही.

आमचा एक भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. आपले फोटो आणि कागदपत्रे परक्या कंपनीच्या दारात नेऊन ठेवायची, तिला महिन्याचे भाडे भरायचे आणि तिने उद्या अटी बदलल्या की निमूटपणे मान डोलवायची, हे त्याला पसंत नाही. म्हणून २०१८ साली त्याने घरीच सर्व्हर मांडला. सर्व्हर म्हटले की थंडगार खोलीतली मोठमोठी कपाटे डोळ्यांपुढे येतात; हा पोळपाटाएवढा डबा आहे आणि त्याच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे गुरगुरत बसलेला असतो. त्यावर नेक्स्टक्लाउड नावाची प्रणाली चालते. २०१६ साली ओनक्लाउड या जुन्या प्रणालीपासून ती वेगळी निघाली, कोणालाही फुकट वापरता येते आणि घरातल्या सर्वांचे फोन नि लॅपटॉप तिला जोडता येतात. आमच्या साऱ्या गोतावळ्याने आपापली चीजवस्तू तिथे नेऊन ठेवली: लग्नांचे फोटो, शाळेचे दाखले, घरांची खरेदीखते, आणि नागपूरच्या आमच्या ताईने, म्हणजे माझ्या मावसबहिणीने, मावशीच्या ओव्या.

या ओव्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमची मावशी लहानपणी जात्यावर बसलेली शेवटच्या पिढीतली बाई. २००९ साली ताईने एक छोटे ध्वनिमुद्रण यंत्र आणले आणि दुपारच्या चहानंतर मावशीला बोलते, म्हणजे गाते केले. एकूण एक्केचाळीस मुद्रणे झाली. मावशी २०१५ साली गेली. जात्यावरच्या ओव्या छापील पुस्तकांत पुष्कळ आहेत, आणि हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून जमविलेला लाखावर ओव्यांचा संग्रह तर आता 'पारी'च्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता-ऐकता येतो. पण ओवीची गंमत ही की ती गाणारीची असते. सांगाडा सर्वांचा एक; त्यात भावाचे नाव, नदी, वाटेवरचे गाव ज्याचे त्याचे. मावशीच्या ओवीतला भाऊ छापील पुस्तकात सापडायचा नाही.

२०२४ च्या मे महिन्यात ताईच्या मुलीचे लग्न ठरले आणि जुने फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचे घाटले. मुलीने नव्या फोनवर ते उतरवून घेतले, तर काहींचा खालचा निम्मा भाग राखाडी! एकात आजोबांच्या पगडीपर्यंत सारे ठीक, पगडीच्या खाली चेहऱ्याऐवजी हिरव्या-जांभळ्या पट्ट्या. फोन नवा, म्हणून प्रथम फोनवर संशय; मग इंटरनेटवर. भाच्याने पुण्यात पाहिले, तिथेही तेच. चूक मुळातच, सर्व्हरवर होती. फाइलीचे नाव जागच्या जागी, तारीख तीच, आकारमान तेवढेच. आत मात्र बिघाड.

हे होते कसे, ते भाच्याने मला समजावून सांगितले ते असे. संगणकाच्या लेखी फोटो काय आणि आवाज काय, शून्य आणि एक यांची लांबच लांब ओळ. त्यातल्या एका शून्याचा एक झाला की किती नुकसान होईल हे मजकूर कसा बांधला आहे यावर अवलंबून असते. साध्या लिखाणात एखादे अक्षर बदलेल; वाचणारा हसून पुढे जाईल. पण फोटो दाबून साठवलेला असतो. त्यातला पुढचा तुकडा मागच्या तुकड्याच्या आधाराने उलगडतो. एक कडी निसटली की पुढची सारी साखळी भरकटते, म्हणून पगडी शाबूत आणि चेहरा गडप. अनेक फाइली एकत्र बांधलेले गाठोडे असेल तर ते कधी कधी उघडतच नाही. मला आमचे वैयाकरण आठवले. सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तर त्यांना पुत्रजन्माचा आनंद होतो असे म्हणतात. परंतु इतके आटोपशीर लिहिल्यावर त्यातली एक मात्रा कसरीने खाल्ली तर काय, याचा विचारही त्यांना करावा लागला असेलच! पाल्हाळाची आपण पुष्कळ टवाळी करतो. टिकाऊपणाच्या दृष्टीने पाल्हाळासारखा गुण नाही.

बिघाडाचे मूळ तीन वर्षे मागे निघाले. २०२१ साली भाच्याने जुना डबा काढून नवा आणला होता आणि सगळा संग्रह, सुमारे बासष्ट हजार फाइली, एका रात्रीत इकडून तिकडे उतरवला होता. नव्या डब्यातली स्मरणपट्टी, जिला हे लोक रॅम म्हणतात, एका जागी सदोष होती. उतरवताना प्रत्येक फाइलीचे तुकडे या पट्टीवरून जातात, चार-चार हजार अक्षरांचे एक पान याप्रमाणे. जे पान त्या सदोष जागेवर टेकले त्यातली एक-दोन चिन्हे उलटली आणि तशीच डिस्कवर लिहिली गेली. कसलीही तक्रार नाही, घंटा नाही, लाल दिवा नाही.

"पण तू तर दोन डिस्क लावल्या आहेस म्हणत होतास," मी विचारले.

"लावल्या आहेत ना, मामा. एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. दोन्हींवर तीच चूक अगदी बिनचूक उतरलीय!"

आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या कपाळाला शाई लागलेली असेल तर आरसा ती पुसून दाखवीत नाही. जोडीच्या डिस्कांचा उपयोग एक मेली तर दुसरी आहे एवढ्यापुरता. मजकूर खरा की खोटा याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. जुन्या डब्यातल्या डिस्क पुसून भाच्याने केव्हाच एका शाळेला देऊन टाकल्या होत्या.

मग शोधाशोध सुरू झाली आणि दोन प्रती आणखी हाती लागल्या. एक भाच्याच्या कपाटातल्या सुट्या डिस्कवर, आणि दुसरी ताईच्या जुन्या लॅपटॉपमध्ये, जो २०२१ च्या आरंभापासून दिवाणाखाली पडून होता. ताईने फोनवरून काही फाइली उघडून पाहिल्या तेव्हा निराळाच प्रकार दिसला. त्या रात्री भाच्याचा मला फोन. "मामा, तीन प्रती आहेत. सर्व्हर आणि सुटी डिस्क यांचं तंतोतंत जुळतंय. लॅपटॉप एकटा वेगळं सांगतोय. दोन विरुद्ध एक. तुमच्या पोथ्यांत अशा वेळी काय करतात?"

पंचवीस वर्षे मराठी शिकवून कोणी तंत्रज्ञ आपला सल्ला विचारील असे वाटले नव्हते. पण प्रश्न खरोखरच आमच्या खात्यातला होता. पोथी हाताने उतरवून घेण्याच्या काळात प्रत्येक लेखनिक थोडाफार सदोष स्मरणपट्टीसारखाच असे. त्याची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरे, 'व'चा 'ब' होई, कधी न कळलेला शब्द तो आपल्या बुद्धीने 'सुधारी'. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली ती अनेक प्रती पुढे घेऊन, आणि पुढे कोणी यात पदरची ओवी घातली तर ती कशी दिसेल हे त्यांनी कडक शब्दांत लिहून ठेवले. आपल्या पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतक महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पाहिली. १९२५ पासून तिची धुरा वाहणाऱ्या विष्णु सीताराम सुखटणकरांना जर 'जास्त पोथ्या म्हणतील ते खरे' एवढेच करायचे असते, तर अर्धशतक लागले नसते. हात वर करून मतमोजणी झाली असती. उत्तरेकडील पोथ्यांत काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथ्या संख्येने थोड्या, पण त्यांच्या साक्षीला त्यांनी मोठे मोल दिले. शंभर पोथ्या एकाच चुकीच्या पोथीवरून उतरलेल्या असतील तर त्या शंभर साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार शंभर वेळा बोलतो आहे.

"सुटी डिस्क तू कशावरून आणि केव्हा उतरवलीस?" मी विचारले.

पलीकडे क्षणभर शांतता. "सर्व्हरवरून. २०२२ मध्ये."

म्हणजे त्या दोघी मायलेकी होत्या. लेकीने आईची बाजू घेतली यात नवल ते काय! लॅपटॉपमधली प्रत मात्र २०२१ च्या स्थलांतराआधीची. दिवाणाखाली धूळ खात पडल्यामुळेच ती त्या सदोष पट्टीवरून गेली नव्हती.

यानंतरचा भाग मला फारसा कळला नाही, पण त्यातली धास्ती कळली. भाच्याने ताईला बजावले, "मावशी, लॅपटॉप उघडा, पण घरातलं वायफाय आधी बंद करा." लॅपटॉप सर्व्हरला जोडला गेला असता तर दोघांनी आपापसांत ताळमेळ घातला असता. फाइलीची तारीख आणि खूणक्रमांक बदललेले नसल्यामुळे बहुधा चांगल्या प्रतीला धक्का लागला नसता; परंतु त्या 'बहुधा'वर मावशीचा आवाज पणाला लावण्याची भाच्याची तयारी नव्हती. तो रात्रीच्या गाडीने नागपूरला गेला. लॅपटॉपची बॅटरी फुगून तळाचे झाकण वर आले होते. ती काढून, यंत्र थेट विजेवर चालवून त्याने सबंध डिस्कची नक्कल करून घेतली, आणि मगच पुढचे हात-पाय हलवले.

हा संयम मला फार आवडला. कारण संगणकाला दुरुस्तीची आज्ञाही असते, आणि घाबरलेला माणूस पहिल्याने तिच्याकडेच धावतो. ती आज्ञा कपाटाच्या फळ्या सरळ करते, क्रमांक लावते, धनी नसलेले तुकडे 'हरवले-सापडले' अशा नावाच्या एका कप्प्यात टाकते. पुस्तकात काय लिहिले होते हे तिला ठाऊक नसते. कधी कधी तर जी मोडकी पाने जुळवून वाचता आली असती तीच ती केरात काढते. रोगी फाइलीचीसुद्धा आधी नक्कल घ्यावी, मग औषध, असे भाचा म्हणतो. आमच्याकडेही फाटकी पोथी आधी जशीच्या तशी उतरवून घेतात, शुद्ध करण्याचे मागाहून.

आता कोणी विचारील, ही चूक त्या रात्रीच कळली नसती का? कळली असती. तिला उपाय आहे, आणि तो किराणा दुकानदाराला ठाऊक आहे. यादीच्या तळाशी बेरीज असते. मधला एक आकडा कोणी बदलला की बेरीज चुगली करते. संगणकाची बेरीज अधिक खाष्ट. एसएचए-२५६ नावाच्या रीतीने कोणत्याही फाइलीची, ती चार ओळींची असो की चार तासांच्या चित्रपटाची, चौसष्ट अक्षरांची एक खूण निघते. फाइलीतले एक चिन्ह उलटले तरी ती खूण ओळखू न येण्याइतकी बदलते. स्थलांतरापूर्वी सर्व फाइलींच्या खुणा टिपून ठेवायच्या, नंतर पुन्हा काढून ताडून पाहायच्या, एवढेच काम.

आपल्या वैदिकांनी हेच काम कंठाने केले. जटापाठात पहिला शब्द-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा असे म्हणत जायचे. घनपाठात तर तीन-तीन शब्द उलटसुलट विणायचे. अर्थाच्या दृष्टीने ही निव्वळ पुनरुक्ती. पण एखादा स्वर घसरला तर पुढच्या फेऱ्यात तो अडखळणारच. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंगला १९४७ च्या सुमारास असाच वैताग आला होता. शनिवार-रविवारी तो यंत्राला गणिते घालून जाई. चूक झाली आहे हे यंत्र ओळखी आणि ते गणित टाकून देई, आणि सोमवारी पाहावे तो हाती काहीच नाही. यंत्राला चूक झाली एवढे समजते, तर ती कुठे झाली हे का समजू नये, असा त्याचा प्रश्न. १९५० साली त्याने उत्तर छापले: मजकुराबरोबर काही जादा चिन्हे अशा युक्तीने गुंफायची की एक चिन्ह बिघडले तर त्याची जागा कळावी आणि ते तिथल्या तिथे नीट करता यावे. त्याच तत्त्वावरची स्मरणपट्टी बाजारात मिळते. घरगुती यंत्रांत ती सहसा नसते, कारण किंमत थोडी जास्त. भाच्याच्या नव्या डब्यातही नव्हती, आता आहे.

डिस्कवरच्या प्रत्येक तुकड्याची बेरीज आपण होऊन ठेवणारी व्यवस्थाही आहे. सन कंपनीने २००५ साली खुली केलेली झेडएफएस ही त्यांतली नावाजलेली. जोडीच्या दोन डिस्कांत मतभेद झाला तर कोणती खरे बोलते हे तिला कळते, आणि ती दुसरीला सुधारते. मात्र चूक स्मरणपट्टीवर आधीच झालेली असेल तर ती चुकीच्याच मजकुराची बेरीज करून त्यावर 'बरोबर'चा शिक्का मारते. कारकून कितीही चोख असला तरी त्याच्यापुढे आलेला कागदच खोटा असेल तर तो काय करणार?

आणि राखाडी पट्ट्या दिसल्या हे एका अर्थी आमचे नशीबच. २०१३ साली जर्मनीत डाव्हिड क्रीझेल या संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्सच्या काही यंत्रांतून स्कॅन केलेल्या कागदांवरचे आकडे बदलत होते. ६ चा ८ होत होता. घराच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे निरनिराळी असताना नकलेत तिन्हींवर १४.१३ चौरस मीटर असे आले. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या अक्षरांसाठी एकच ठसा वापरी, आणि सारखे काय हे ठरवताना चुके. कागद स्वच्छ, आकडा ठसठशीत, आणि खोटा. ज्यांनी अशा यंत्रावर नक्कल काढून मूळ कागद रद्दीत घातले असतील त्यांचे काय झाले असेल, या विचाराने मला अजून अस्वस्थ वाटते.

तर आमच्या घरचा हिशेब असा लागला. बिघडलेल्या फाइली निघाल्या दोनशे बारा. बहुतेक लॅपटॉपवरून जशाच्या तशा परत आल्या. काही फोटो घरच्या व्हॉट्सॲपच्या गटात सापडले. ते आकाराने लहान, बारकावे गेलेले, जणू ग्रंथाऐवजी परीक्षेची मार्गदर्शिका. पण चेहरा ओळखू येतो. आजोबा पगडीखाली परतले. मावशीच्या एक्केचाळीस मुद्रणांपैकी चाळीस लॅपटॉपवर शुद्ध मिळाली.

एक्केचाळिसावे लॅपटॉपवर कधी उतरलेच नव्हते. ते ताईने त्या यंत्रातून उशिरा काढून परस्पर पुण्याला पाठवले होते, आणि ते यंत्र केव्हाच मोडीत गेले. नऊ मिनिटांच्या त्या मुद्रणात एकच पान बिघडले आहे. चार हजार अक्षरे, म्हणजे ऐकायला अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात मावशी एका गावाचे नाव घेते. भाऊ बैलगाडीने येतो आहे, वाटेत अमुक गाव लागते, आणि तिथे एक खरखर होते. पुढच्या शब्दावर आवाज पुन्हा स्वच्छ.

ताई प्रथम म्हणाली, तिथे तिच्या आजोळचे गाव आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाली, नव्हे, नदीपलीकडचे. दोन्ही नावे दोन अक्षरी, दोन्ही वृत्तात बसतात. छापील ओव्यांत मी पाहिले. तिथे तिसरेच गाव. भाचा म्हणाला, "मामा, मावशीआजीचं इतकं रेकॉर्डिंग आहे आपल्याजवळ. आता अशी साधनं आहेत की तिच्याच आवाजात ते नाव म्हणवून तिथे बसवता येईल. कुणाला कळणारही नाही."

"कुणाला कळणार नाही म्हणूनच नको," ताई म्हणाली. माझेही मत तेच पडले, पण तिने ते माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितले. महाभारताच्या त्या आवृत्तीत संपादकांना ज्या पाठाची पुरती खात्री नव्हती त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ दिली आहे. लाखो शब्दांचा ग्रंथ सिद्ध करणाऱ्या विद्वानांना ती रेघ ओढताना कमीपणा वाटला नाही. आवाजाखाली रेघ ओढता येत नाही, म्हणून आम्ही मुद्रणाशेजारी एक चिठ्ठी ठेवली आहे: कोणत्या मिनिटाला, किती वेळ, कशामुळे, ताई म्हणते ती दोन्ही गावे, आणि पहिल्या दिवशी ती कोणते म्हणाली होती तेही. या चिठ्ठीचीही चौसष्ट अक्षरी खूण काढून भाच्याने वहीत लिहून ठेवली आहे. वही कागदाची आहे. तिला कसर लागली तर दिसेल.

सध्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्व्हर रात्रभर आपल्या फाइली ताडून पाहतो आणि सकाळी भाच्याला निरोप धाडतो. तिसरी प्रत नागपूरला असते, आणि ती वर्षातून दोनदाच जोडली जाते. लॅपटॉप भंगारात द्यायचा का, असे ताईच्या मुलीने लग्नाच्या आवराआवरीत विचारले होते. ताईने तो जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. लुगडे मावशीचे आहे, आणि त्यात डांबराच्या चार गोळ्या टाकल्या आहेत.